रचना लिहून झाली, आता दाखवायची कोणाला?

पियानोसाठीच्या तीन छोट्या रचना आणि चार आवाजांच्या कॉयरसाठी (गायकवृंदासाठी) बसवलेले गोव्याचे संतकवी सोहिरोबानाथ यांचे एक पद, एवढा ऐवज मे २०२४ मध्ये माझ्याकडे लिहून तयार होता. तो कोणाला दाखवावा, अभिप्राय कोणत्या शब्दांत मागावा आणि त्याआधी कागदोपत्री काय करून ठेवावे, हे मात्र मला कोणी नीट सांगू शकले नाही. तसे पाहिले तर गोव्यात ही अडचण यायला नको. येथे चर्चच्या शाळांतून सोळाव्या शतकापासून पाश्चात्त्य संगीत शिकवले गेले आहे आणि स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचणारी माणसे आजही गावोगावी आढळतात. परंतु चर्चचे कॉयर एकीकडे आणि आमची भजनी मंडळे दुसरीकडे, अशी येथील सर्वसाधारण मांडणी असल्यामुळे, मराठी पद चार आवाजांत लिहिणाऱ्याने नेमके कोणाकडे जावे याचे उत्तर दोन्हीकडे मिळत नाही. पुढच्या सव्वा वर्षात जे घडले ते याच वाटेने जाऊ पाहणाऱ्यांसाठी क्रमाने लिहिते आहे.

मी फोंड्याची, नोकरीने बँकेत. बाबा देवळातल्या भजनाला पेटी वाजवतात आणि मी शाळेत असल्यापासून मडगावला पियानो शिकले, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षाही दिल्या. पण रचनाशास्त्राचे रीतसर शिक्षण माझे झालेले नाही. त्यामुळे कागद दुसऱ्याच्या हातात देण्याची धास्ती फार होती, आणि ती लपवण्यासाठी मी बराच काळ ‘अजून थोडे हात फिरवायचे आहे’ असे सांगत राहिले.

पहिला प्रश्न शब्दांच्या हक्काचा होता. खरे तर बाकीबाब बोरकरांची एक कविता मनात होती. भारतीय कायद्यानुसार साहित्यकृतीचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. बोरकर १९८४ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कवितांवरचा हक्क २०४४ अखेरपर्यंत आहे आणि चाल लावून ती जाहीरपणे गायची किंवा छापायची झाल्यास हक्कधारकांची लेखी परवानगी हवी. अशी परवानगी मागणे अशक्य नसते. पण जिचा कोणी अभिप्रायही दिलेला नाही अशा रचनेसाठी ती मागण्याचे धैर्य मला झाले नाही. सोहिरोबानाथ अठराव्या शतकातले, त्यामुळे तेथे हा प्रश्नच नव्हता. पाठभेदांचा प्रश्न मात्र होता. बाबांच्या भजनाच्या वहीतला पाठ आणि छापील पुस्तकातला पाठ काही ठिकाणी वेगळे निघाले, तेव्हा पणजीला पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात बसून दोन जुन्या आवृत्त्या ताडून पाहिल्या आणि कोणता पाठ घेतला ते स्वरलिपीच्या पहिल्या पानावर लिहून टाकले. हे काम आधीच केलेले बरे, कारण पुढे प्रत्येक जाणता माणूस पहिला आक्षेप शब्दांवरच घेतो.

दुसरी भीती चोरीची. ‘नोंदणी केल्याशिवाय कोणाला पाठवू नकोस’ असा सल्ला मला बँकेतल्या सहकाऱ्यांपासून नातेवाइकांपर्यंत सर्वांनी दिला. म्हणून जूनमध्ये १९५७ चा कॉपीराइट कायदा वाचायला घेतला. रचना लिहून झाली की हक्क आपोआप निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. वाद उद्भवल्यास नोंदणीचा उतारा प्रथमदर्शनी पुरावा म्हणून उपयोगी पडतो, एवढेच. शिवाय अर्जाबरोबर जी प्रत द्यावी तीच नोंदली जाते. अभिप्राय मागायचा म्हणजे रचना बदलणार हे उघड असताना पहिलीच प्रत नोंदवण्यात मला अर्थ दिसला नाही. तारीख घातलेली पीडीएफ स्वतःलाच ईमेलने पाठवून ठेवली आणि नोंदणी पुढे ढकलली. आजही मी हाच क्रम सुचवीन.

स्वरलिपी म्युझस्कोअर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेली होती, त्यामुळे त्यावर खर्च शून्य. देवनागरी शब्द स्वरांखाली बसवताना मात्र वेळ जातो. जोडाक्षर कोठे तोडायचे हे आपल्यालाच ठरवावे लागते. ‘आत्मा’ हा शब्द दोन स्वरांवर ‘आत्’ आणि ‘मा’ असा लिहायचा की ‘आ’ आणि ‘त्मा’ असा, यावर गाणाऱ्याचे तोंड कधी मिटणार ते ठरते. गाणे लांबवताना स्वर मोकळा राहावा म्हणून मी दुसरी रीत घेतली. त्याचबरोबर शब्दांची रोमन लिपीतली ओळही खाली दिली, कारण येथील कॉयरमधले बहुतेक जण कोकणी रोमन लिपीतच वाचत आलेले असतात. दोन ओळींमुळे पाने वाढली. तरी त्या रोमन ओळीमुळेच पुढे तालमीतला पहिला अर्धा तास वाचला.

जुलै २०२४ मध्ये, ऐन पावसात, मी माझ्या जुन्या पियानो शिक्षकांकडे गेले. सरांच्या घरचा उभा पियानो पावसाळ्यात फुगतो, म्हणून त्याच्या पोटात कमी वॅटचा दिवा सतत जळत ठेवलेला असतो. तरीही मधल्या सप्तकातल्या दोन पट्ट्या खाली गेल्या की वर यायला कुरकुरत होत्या. माझ्या पहिल्या रचनेत डाव्या हाताने षड्ज-पंचम वाजवून ते मधल्या पेडलने धरून ठेवायचे आणि त्यावर उजव्या हाताने मोकळी आलापी करायची, अशी कल्पना होती. तंबोऱ्याचा भास व्हावा हा हेतू. सरांनी कागद स्टँडवर लावला, षड्ज-पंचम वाजवले, मधले पेडल दाबले आणि सगळा पियानो गोधडीत गुंडाळल्यासारखा गप्प झाला. निवडक स्वर धरून ठेवणारे ते पेडल ग्रँड पियानोवर असते. घरोघरी असलेल्या उभ्या पियानोंवर बहुधा त्या जागी तारा आणि हातोड्या यांच्यामध्ये फेल्टची पट्टी आणणारे सरावाचे पेडल असते. संगणक वाजवून दाखवताना हे काहीच सांगत नाही. सर हसले नाहीत, फक्त म्हणाले, “हे वाजवणार कोण आणि कोणत्या वाद्यावर, ते आधी ठरव.” तो षड्ज-पंचम आता दर दोन बारनंतर (स्वरलिपीतल्या मात्रांच्या दोन घरांनंतर) हलकेच पुन्हा वाजतो आणि उजवे पेडल अर्धेच उचलायचे अशी सूचना त्याखाली आहे.

दुसरी सूचना हाताच्या मापाची होती. डाव्या हातात षड्जापासून वरच्या सप्तकातल्या गांधारापर्यंतची झेप एकाच वेळी दाबायची होती. माझा हात तेथे जेमतेम पोहोचतो, सरांच्या बहुतेक विद्यार्थ्यांचा पोहोचत नाही. तेथे नागमोडी रेघ काढून स्वर खालून वर एकामागोमाग वाजवण्याची मुभा दिली. सरांनी फी घेतली नाही. मी मात्र आग्रह करून शिकवणीच्या दराने पैसे ठेवले, कारण फुकट मागितलेल्या अभिप्रायात माणूस भिडेपोटी हात आखडता घेतो असे माझे मत आहे.

पदाची चाल भूप रागाच्या अंगाने होती. म्हणून ऑगस्टमध्ये ती बाबांच्या ओळखीच्या एका गवयांना ऐकवली. बुवांना स्टाफ नोटेशन येत नाही, त्यामुळे सोप्रानोची, म्हणजे बायकांच्या वरच्या आवाजाची, ओळ सरगमात लिहून नेली आणि बाकीचे आवाज (बायकांचा खालचा आल्टो, पुरुषांचा वरचा टेनर आणि खालचा बास) पेटीवर दाबून दाखवले. त्यांचा आक्षेप एका वाक्यात संपला: खाली इतके आवाज हलत राहिले तर वरचा भूप ऐकू कसा येणार? भूपात मध्यम आणि निषाद नाहीत. षड्ज, ऋषभ, गांधार, पंचम, धैवत या पाच स्वरांतून पाश्चात्त्य रीतीचे तिहेरी स्वरसंघ दोनच निघतात, सा-ग-प आणि ध-सा-ग; चार मिनिटांच्या रचनेत तेवढ्यावर भागवायचे तर खालच्या आवाजांनी कमीच हलायला हवे, हे बुवांचे म्हणणे मला पटले. बास आवाजाला मी जवळजवळ पूर्ण पहिले कडवे एकाच जागी उभे केले. घरी परतताना बाबा म्हणाले की बासवाले कंटाळतील, आणि ते खरेच ठरले.

सप्टेंबरमध्ये एका परिचितांच्या ओळखीने पोर्तुगालमधील एका कॉयर दिग्दर्शिकेला ईमेल केला. येथे एक गोष्ट सांगते. ‘कशी वाटली?’ असे विचारले की ‘छान’ असे उत्तर येते आणि विषय संपतो. मी चारच प्रश्न विचारले: टेनर फार वर जातो का, शब्द कोठे तुटतात, श्वासाच्या खुणा पुरेशा आहेत का आणि शेवट पोहोचतो का. तीन आठवड्यांनी उत्तर आले. त्यांना आधी हवे होते ते प्रत्येक शब्दाचा अर्थ, उच्चारांची आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीतील टीप आणि माझ्या स्वतःच्या आवाजात शब्दांचे संथ वाचन. ‘ळ’ आणि ‘भ’ हे वर्ण तर त्यांना फोनवर ऐकवावे लागले. हे सगळे तयार करण्यात दिवाळी उजाडली. त्यांच्या मते शेवट पोहोचत नव्हता. षड्जावर येण्याआधी शुद्ध निषाद घातला तर ऐकणाऱ्याला घरी आल्यासारखे वाटेल, असे त्यांनी सुचवले. त्यांच्या कानांच्या दृष्टीने सल्ला बरोबरच होता, पण मी तो मानला नाही. निषाद नसतानाही समेवर येता येते, त्यासाठी शब्द आणि लय पुरेशी असते, असे नम्रपणे लिहून कळवले. त्यांनीही वाईट वाटून घेतले नाही.

आता कॉयर. स्वतःच्या रचना घेऊन गोव्यात कॉयर शोधणाऱ्याने आधी पंचांगाबरोबर चर्चचे कॅलेंडरही पाहावे. नोव्हेंबरच्या अखेरीस संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताची (सणाची) नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होते, त्यापाठोपाठ नाताळ, आणि त्या वर्षी तर २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात जुन्या गोव्यात पवित्र अवशेषांचे दर्शन होते. सासष्टीतील एका गावच्या कॉयरच्या मेस्तांना (कॉयर बसवणाऱ्या गुरूंना) मी नोव्हेंबरमध्ये फोन केला तेव्हा त्यांनी सौजन्याने, पण स्पष्ट सांगितले की तीन राजांच्या फेस्तापर्यंत त्यांना मान वर करायलाही सवड नाही. ६ जानेवारीनंतर फोन केला तर लगेच बोलावले. ५ मार्चला ॲश वेन्सडे होता आणि त्यानंतर उपवासकाळातली गाणी सुरू होणार होती; म्हणजे मधले दोन महिनेच हातात होते. जून ते ऑगस्ट हा दुसरा मोकळा काळ, पण पावसात गळे बसतात आणि पियानो सुरात राहत नाही.

मेस्तांनी स्वरलिपी उभ्याउभ्याच वाचली, बोटाने हवेत ताल धरत. दुसऱ्या पानावर आल्टोच्या ओळीपाशी थांबून ते म्हणाले, “बाय, हें गावपाचें न्हय, वाजोवपाचें.” म्हणजे हे गाण्याचे नव्हे, वाजवण्याचे. आल्टो मंद्र गांधारापर्यंत उतरत होते आणि तेथून एका उडीत वर जात होते, पेटीवर बसून लिहिलेली ओळ होती ती. षड्ज पेटीच्या पांढरी दोन या पट्टीवर होता, तो एक पट्टी वर, पांढरी तीनवर नेला, त्यामुळे आल्टोंना खाली श्वास मिळाला आणि सोप्रानोंचा तार ऋषभही आटोक्यात राहिला.

पहिल्या तालमीला पंधरा-सोळा जण आले, त्यांत टेनर अवघे तीन. प्रतींच्या झेरॉक्सला आणि चहा-पॅटिसला मिळून बाराशेच्या आसपास खर्च आला. प्रत्येक आवाजाची ओळ मोठी आणि बाकीच्या हळू, अशा सरावाच्या ध्वनिफिती मी आधीच पाठवल्या होत्या. त्या अर्ध्या लोकांनी ऐकल्या होत्या. त्या तालमीत जे कळले ते कोणत्याही ईमेलमध्ये आले नव्हते. सोप्रानोंनी धैवत घेतला की आल्टो हमखास मध्यमावर जात, आणि ऋषभ घेतला की निषादावर. कागदावर तेथे गांधार आणि मंद्र धैवत लिहिलेले होते. नोटेशन उत्तम वाचणाऱ्या बायका, पण मांडो हा गोव्याचा कोकणी गीतप्रकार ऐकत वाढलेल्या. मांडोत दुसरा आवाज तीन स्वरांच्या अंतराने खालून चालतो आणि ते अंतर त्यांच्या कानांत इतके मुरलेले की कागदावरचा चौथा स्वर गळा आपणहून गाळून टाकत होता. मेस्तांनी आल्टोंना बाजूला काढले, पियानोवर षड्ज-पंचम धरला आणि त्यांच्याकडून ती ओळ नुसत्या ‘ना’ या अक्षरावर म्हणून घेतली. चार-पाच वेळा झाल्यावर बसली, पण सोप्रानो परत आल्या की पुन्हा घसरायची.

दुसरी गोष्ट शब्दाच्या टोकाची. ‘नाम’ हा शब्द भजनात आपण ‘ना’ आणि ‘म’ असा दोन स्वरांवर, शेवटचा ‘अ’ उघडा ठेवून म्हणतो. या मंडळींनी पहिल्या स्वरावरच ओठ मिटले आणि उरलेला स्वर नाकातून गुंजत ठेवला. मी थांबवणार तोच मेस्तांनी हाताने खूण केली. चार आवाजांतला तो मिटलेला ‘म्’ फार भरीव लागत होता. ते मी तसेच ठेवले आणि नंतर स्वरलिपीत ‘ओठ मिटून’ अशी सूचना घातली. बासवाले अर्थातच कंटाळले होते. एकाने विचारले, “आमी हांगा वाट पळयत रावपाचें?” (आम्ही इथे वाट बघत राहायचे?) त्यांच्यासाठी दुसऱ्या कडव्यात थोडी हालचाल आणली.

मध्यमाच्या प्रश्नावर मी फार विचार केला. पहिल्या तीन कडव्यांत लिहिले होते तेच कायम ठेवले. शेवटच्या कडव्यात मात्र आल्टोंना त्यांच्या कानाप्रमाणे जाऊ दिले, म्हणजे मध्यम आणि निषाद दोन्ही आले. पोर्तुगालचा सल्ला नाकारला होता, तो असा मागच्या दाराने आत आला म्हणायचा. फरक इतकाच की शेवटच्या षड्जाआधी तो निषाद येत नाही. बुवांना ही प्रत ऐकवली तेव्हा त्यांनी डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, “चांगले आहे, पण वर भूप लिहू नकोस.” रागाचे नाव काढून टाकले. सरांना नेमके तेच कडवे आवडले. आधीच्या तीन कडव्यांना ते आजही ‘गणिती’ म्हणतात.

२०२५ च्या फेब्रुवारी अखेरीस, कार्निव्हलच्या आधीच्या आठवड्यात, चॅपलच्या सभागृहात रचना सलग गायली गेली आणि साध्या रेकॉर्डरवर तिचे ध्वनिमुद्रण केले. पियानो आधी सुरात लावून घेतला; येण्याजाण्यासह तीन हजार रुपये गेले. बराच काळ सुरात न लावलेला पियानो एकदम प्रमाण स्वरावर ताणला तर तारा तुटण्याची भीती असते, म्हणून तो थोडा खालीच ठेवावा लागला, आणि कॉयरनेही तो स्वर निमूट घेतला. मानधन कोणी घेतले नाही. मेस्तांनी सुचवल्याप्रमाणे कॉयरच्या वह्या आणि फाइलींसाठी रक्कम दिली.

नोंदणी एप्रिल २०२५ मध्ये केली. कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर खाते उघडून फॉर्म १४ भरायचा. त्याला तपशिलाचे विवरणपत्र आणि अधिक तपशिलाचे विवरणपत्र अशी दोन पत्रके जोडलेली असतात. एका अर्जात एकच कृती चालते आणि सांगीतिक कृतीला प्रत्येकी ५०० रुपये शुल्क आहे. ध्वनिमुद्रणाची नोंदणी वेगळी आणि तिला २००० रुपये. कायद्याच्या व्याख्येत सांगीतिक कृती म्हणजे फक्त संगीत आणि त्याची लिखित स्वरलिपी, शब्द त्यात येत नाहीत. म्हणून मी अर्जात स्वरांच्या हक्काचाच दावा केला. शब्द दुसऱ्या हयात कवीचे असतील तर त्यांचे ना-हरकत पत्र आधीच घेऊन ठेवावे. शुल्क भरल्यावर डायरी क्रमांक मिळतो, त्यानंतर कोणाचा आक्षेप असल्यास तो येण्यासाठी ३० दिवसांची मुदत असते आणि मग तपासणी होते. डायरी क्रमांक टाकून स्थिती पाहता येते. मी ती रोज पाहत असे, ज्याचा काहीही उपयोग नसतो. पियानोच्या रचनांपैकी पहिलीच नोंदवली, उरलेल्या दोन अजून बदलत आहेत.

अर्ज गेल्यावर कॉयरच्या रचना विनामूल्य ठेवणाऱ्या ‘कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी’ या १९९८ पासून चालणाऱ्या जागतिक संग्रहाचे नियम वाचले. तेथे हयात रचनाकारही आपली कृती ठेवू शकतात, पण मुक्त परवाना एकदा दिला की तो मागे घेता येत नाही, हे ध्यानात घेऊन मगच ठरवावे. शिवाय बऱ्याच रचनास्पर्धांना अप्रकाशित कृतीच लागते. मी तूर्त स्वरलिपी तेथे ठेवलेली नाही. मागणाऱ्याला ईमेलने पाठवते.

प्रत्येक पानाच्या तळाशी प्रतीचा क्रमांक आणि तारीख मात्र न चुकता घालावी. पांढरी दोनच्या षड्जाची जुनी प्रत सासष्टीत अजून कोणाकोणाच्या फाइलीत आहे, आणि मागच्या महिन्यात दुसऱ्या एका गावच्या कॉयरने तीच काढून तालमीला सुरुवात केल्याचे मेस्तांनी फोनवर सांगितले. मी नवी प्रत पाठवली आहे. त्यांच्या आल्टोंना मंद्र गांधार सहज लागतो असे त्यांचे म्हणणे आहे, तेव्हा ऐकून आल्यावर ठरवीन.